भाचीच्या कानाचं उत्तर

समस्त नाशिककरांस, तसेच बाहेरगावच्या पाहुण्यांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की माणसाचा कान नुसता ऐकत नाही, तो उत्तरही देतो. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हसू नका.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजात होते, म्हणजे वर्ग सोडून सगळ्या एकांकिकांत होते. ताईला मालेगावला दिलेली. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. तिची मुलगी सात महिन्यांची झाली तरी कुठल्याच आवाजाला दचकेना. पाठीमागे परात आपटली तरी बाईसाहेब निवांत पायाचा अंगठा चोखत बसायच्या. ताईच्या सासूबाईंनी निकाल देऊन टाकला: पोर बहिरी. आणि त्या दिवसापासून नातीला मांडीवर घेऊन सुनेची सगळी गाऱ्हाणी तिच्याच कानात ओतायला लागल्या. ताईची भाजी, ताईचं माहेर, ताईचं नाक. ऐकतंय कोण!

ताई मात्र वाळत चालली होती. "मी हाका मारते त्या जातात कुठं गं?" असं तिनं मला विचारलं, तेव्हा मी उठून कानाच्या डॉक्टरांची चौकशी सुरू केली.

गंगापूर रोडवरच्या कानाच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात परदेशात शिकलेला त्यांचा एक मित्र नवंकोरं यंत्र दाखवायला आला होता. ताई, दाजी आणि सासूबाई बाळाला घेऊन नाशिकला आले, आणि मी आगंतुक म्हणून बरोबर घुसले.

"बाळाला काही विचारायचं नाही," पाहुण्या डॉक्टरांनी समजावलं. "कानात हे बुचासारखं मऊ बोंडूक बसवायचं. त्यातून बारीक टकटक सोडायची. आतला कान धडधाकट असेल तर तोच एक अगदी बारीक आवाज उलट पाठवतो. तो आपल्याला ऐकू येत नाही, यंत्राच्या पडद्यावर दिसतो. फक्त खोली शांत हवी आणि बाळ झोपलेलं हवं."

खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. सगळं चिडीचूप झालं, आणि भाचीनं भोकाड पसरलं. आमच्या घरी उतरल्यापासून तिचं हेच चाललं होतं. ताईनं थोपटलं, सासूबाईंनी जोजवलं. आवाज चढतच गेला.

"घरी कशी झोपते?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागाच्या डोक्यावर!" दाजी ओरडले. मागावर आयुष्य गेलेलं, दाजी नेहमी ओरडूनच बोलायचे. "खाली माग सुरू झाले की डाराडूर!"

"मग करा की माग सुरू!" मी म्हणाले.

दाजींनी लाकडी स्टूल पुढ्यात ओढलं आणि दोन्ही हातांनी बडवायला घेतलं. खटाक्-धप्प, खटाक्-धप्प. मी स्टीलचा डबा आणि झाकण घेऊन साथीला बसले. पाहुण्या डॉक्टरांनीही टेबलावर ताल धरला. आमच्या डॉक्टरांनी तोंडानं मागाचा धोटा फेकला, सट्, सट्! कंपाउंडर दारातून डोकावला आणि पेशंटना काय सांगावं याचा विचार करत परत गेला.

भाचीच्या पापण्या जड झाल्या. तिनं एक जांभई दिली आणि ती झोपली.

पाहुण्या डॉक्टरांनी हात वर केला. आम्ही आवाज हळूहळू उतरवला, शेवटी मी झाकणावर नुसतं बोट टेकवलं. बोंडूक कानात गेलं. ताईनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. पडदा रिकामा. पडदा रिकामाच. मग एक नागमोडी रेघ उठली, आणखी उठली. दुसऱ्या कानातूनही तशीच.

"दोन्ही कानांनी उत्तर दिलं," पाहुणे डॉक्टर कुजबुजले. "आतला कान ठणठणीत आहे. तुमचं घरच इतकं वाजतं की परातीला ती काय दचकणार? पण पाळणा आजच मागांपासून लांब न्या. त्या खडखडाटानं असे कान निकामी होतात."

"काय म्हणाले?" दाजींनी ओरडून विचारलं.

ताई एकाच वेळी हसत आणि रडत होती. भाचीनं डोळे उघडले. सासूबाई तिच्याकडे बघत खुर्चीवर बसल्या, एकदा सुनेकडे पाहिलं, आणि तोंडावर पदर धरायच्या आतच अहिराणीत बोलून गेल्या:

"आय वं! म्हंजे मन्हं समदं बोलनं हिनी ऐकं?"