परीक्षानळीतली सहा गावं

बीड मागं पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेल्या कापसाची शेतं सुरू झाली. सोलापूरहून सकाळी निघालेली आमची बस दुपारी दोनला छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकात शिरली. पाठ अवघडली होती. मी अजिंठ्याची लेणी पाहायला आले होते, आणि माझी वसतिगृहातली मैत्रीण वसुधा हिला भेटायला. ती इथं संगणकशास्त्राची प्राध्यापक आहे. महिनाअखेरीस निवृत्त होणार होती.

रिक्षावाल्या चाचांना मी पत्ता दाखवला. "हौ (हो), मालूम है. वो कम्प्युटरवाली मॅडम ना?" असं म्हणत त्यांनी थेट तिच्या दारात सोडलं. त्यांची पुतणी तिच्याकडे शिकली होती म्हणे.

वसुधानं ज्वारीची भाकरी, दाळवांगं आणि लसणाची चटणी वाढली आणि ताटावरच सांगून टाकलं, की अजिंठ्याला तिला येता येणार नाही. तिची विद्यार्थिनी शबाना हिच्या पीएच.डी.चा प्रयोग तिसऱ्यांदा लावला होता. दोनदा फसला होता. वसुधा निवृत्त झाली की उसनी मिळालेली प्रयोगशाळाही जाणार होती.

संध्याकाळी ती मला दौलताबादला घेऊन गेली. किल्ल्याच्या पायऱ्यांवर माझा पाय घसरला, गुडघा चांगलाच खरचटला आणि वर चढायचा बेत तिथंच संपला. मग पायथ्याशी सीताफळांच्या पाट्यांजवळ आम्ही बसून राहिलो. तिथं मला तिची खरी हकीकत कळली.

वसुधा वैजापूरजवळच्या शेतकरी घरातली. इथल्या एका कॉलेजात ती संगणक शिकवत होती. चौतिसाव्या वर्षी तिनं ग्रंथालयात एक लेख वाचला. डीएनएच्या धाग्यांकडून गणितं सोडवून घेता येतात, आणि परदेशात कुणीतरी ते करून दाखवलंय, असं त्यात होतं. ती रात्रभर तेच मनात घोळवत राहिली. संशोधन करायचं ठरवलं, तर संगणकवाले म्हणाले हे जीवशास्त्र आहे, आणि जीवशास्त्रवाले म्हणाले हे गणित आहे. शेवटी गणितातल्या एका वयस्कर सरांनी तिला विद्यार्थिनी म्हणून घेतलं. जीवशास्त्र येत नव्हतं, म्हणून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ती मागच्या बाकावर जाऊन बसायची. त्याच मुलांना पुढच्या तासाला ती स्वतः संगणक शिकवायची. मुलं हसायची. ती वही काढायची.

पुढं पीएच.डी. झाली, निबंध छापून आले, परत आलेले त्याहून जास्त. सगळं काम कागदावर.

"वीस वर्षं मी ज्याच्यावर लिहिलं," ती सीताफळाची बी बोटांत फिरवत म्हणाली, "ते मी डोळ्यांनी पाह्यलेलं नाय, नलू."

मग काडीनं तिनं मातीत सहा ठिपके काढले: वैजापूर, कन्नड, खुलताबाद, दौलताबाद, पैठण, अजिंठा. त्यांच्यात तिनं मनानंच काही एकेरी रस्ते आखले. वैजापुरातून निघायचं, प्रत्येक गावात एकदाच जायचं, अजिंठ्याला पोचायचं. असा मार्ग आहे का? प्रत्येक गावासाठी डीएनएचा एक तुकडा, प्रत्येक रस्त्यासाठी दोन गावांना जोडणारा दुसरा तुकडा. सगळे एका नळीत टाकले की अब्जावधी तुकडे एकाच वेळी एकमेकांना चिकटतात, शक्य असलेले सगळे प्रवास करून बघतात. मग सहाही गावं असलेले, नेमक्या लांबीचे धागे वेगळे काढायचे.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्याची बस सोडून मी तिच्याबरोबर प्रयोगशाळेत गेले. शबाना सडपातळ, अबोल मुलगी. टेबलावर खरवसाच्या वडीसारखी जेलीची पातळ चकती होती. विजेच्या प्रवाहानं धागे त्यातून सरकतात, लांबीप्रमाणे मागेपुढे थांबतात, आणि सारख्या लांबीचे धागे जमतात तिथं पट्टा उमटतो. शबानानं चकतीच्या दोन खाचांत दोन नळ्यांतले थेंब सोडले. पहिल्या नळीत पूर्ण नकाशा. दुसऱ्या नळीत तोच नकाशा, पण एक रस्ता मुद्दाम काढून घेतलेला, म्हणजे मार्ग असूच शकत नाही असा. मागच्या दोन्ही वेळी दोन्हीकडे पट्टा उमटला होता. म्हणजे कुठंतरी भेसळ होती आणि उत्तराला काही अर्थ नव्हता.

अर्ध्या वाटेत वीज गेली. शबाना उभीच राहिली. जास्त वेळ गेला तर धागे जागच्या जागी पसरतात, पट्टा पुसट होतो, असं वसुधानं मला हळू आवाजात सांगितलं आणि शबानाला खुर्चीवर बसवलं. दहाएक मिनिटांनी पंखा फिरला.

तासाभरानं चकती दिव्याच्या पेटीत ठेवून खोली अंधारी केली. पहिल्या नळीच्या रांगेत, जिथं हवा होता तिथं, नखाएवढा नारिंगी पट्टा चमकत होता. मी त्याच्याकडेच बघत राहिले. डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यांनी, कुणी वाट न दाखवता, थेंबभर पाण्यात वैजापूर ते अजिंठा मार्ग शोधला होता.

वसुधा मात्र दुसऱ्या रांगेकडे पाहत होती. तिथं काहीच नव्हतं. निव्वळ काळोख. म्हणजे या वेळी भेसळ नव्हती.

"मॅडम, रिकामी आहे," शबाना म्हणाली.

"व्हय," वसुधा म्हणाली. "रिकामी हाय." आणि चष्मा काढून ती पदरानं डोळे पुसू लागली.

त्या दिवशी शबानाच्या अम्मीनं डब्यातून नान-खलिया (मसालेदार मटणाचा रस्सा आणि नान) पाठवला होता. वसुधा माळकरी घरातली, तिनं नुसता नान चहाबरोबर खाल्ला. मी दोन्ही खाल्लं, आणि रस्सा साडीवरही सांडला.

परतीच्या बसमध्ये गेवराईला एक बाई शेजारी येऊन बसल्या. संभाजीनगरात काय काय पाहिलं, त्यांनी विचारलं. किल्ला पायथ्यावरूनच पाहिला, लेणी राहिली, हे सांगताना मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. मग मी वसुधाची गोष्ट सांगितली, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली.

"मंग बाईला बक्षीस भेटलं का?"

"नाही. पण तिनं वीस वर्षं जे मांडलं होतं, ते बरोबर निघालं."

त्यांनी थोडा विचार केला. "आन् ते तिच्या डोळ्यादेखत?"

"हो, तिच्या डोळ्यादेखत."

"मंग लई झालं की," त्या म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर सारखा करून खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मीही पाहू लागले. ऊन कलत होतं. लेणी दोन हजार वर्षं थांबली आहेत, मला अजून थोडी थांबतील. दुसऱ्या रांगेतला तो काळोख मात्र एकदाच दिसणार होता, आणि तेव्हा मी तिथं होते.