फेस

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सासरे पुण्याहून जर्मनीत एर्लांगेनला आमच्याकडे राहायला आले. मी इमारतीच्या तळघरातल्या आमच्या केलरमध्ये, म्हणजे सामानाच्या खोलीत, भारतातून आणलेल्या गुलमोहराच्या शेंगांवर रेझिन ओतून दाढीच्या ब्रशच्या मुठी बनवायचो. "इंजिनियर जावई केला तो न्हाव्याचं सामान करायला?" हे रोज ऐकावं लागे.

एकदा त्यांनी माझ्या कडकडीत वाळवलेल्या शेंगा, घाण दिसतात म्हणून, गुपचूप नळाखाली खसाखसा धुतल्या. ओल्या शेंगांवर ओतलेलं रेझिन फसफसून वर आलं. मुठींची जाळी झाली.

त्यातली एक उचलून सासरे म्हणाले, "जावईबापू, असल्या ब्रशला फेस तरी येईल का?"

"अहो बाबा, तुम्ही आल्यापासून माझ्या तोंडाला आलाय, तोच वापरा."