आरशावरून उतरलेला देव

घाटकोपरच्या आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही नुकते येत होते, तेव्हापासून कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला बॉक्सिंगचं वेड. आरशाभोवती मासिकांतून कापलेले बॉक्सर चिकटवलेले आणि दाढी करता करता त्यांच्यावर निकाल देणं चालू. वस्तरा गळ्यावर असताना वाद कोण घालणार?

कितीही मार खाऊन उभा राहणारा एक जगज्जेता त्याचा देव. दुसरा एकदा लढत अर्ध्यावर सोडून स्टुलावर बसून राहिला होता. "भित्रा साला! नाव नका काढू त्याचं."

पुढे हळूहळू त्याची मतं फिरली. देव आरशावरून उतरला. "काय उपयोग? आता साधा कप धरवत नाय त्याला, पेपरात आलंय." त्या जागी चक्क तो भित्रा आला. मी हसलो, तर म्हणाला, "त्याला कळलं ना, कधी थांबायचं ते."

तेव्हापासून माझं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे जाऊ लागलं. वस्तरा कानाशी आला की मी श्वास रोखायचो. पण त्याच्या डोळ्यांदेखत समोरच्या सलूनात जायचं? जमेना.

एका रविवारी अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा माझ्या हनुवटीखाली थबकला. आरशात आमची नजरानजर झाली. त्याने वस्तरा मिटला आणि माझा दंड धरून मला उठवलं. हात किती थरथरतोय, ते मला तेव्हा कळलं. तसाच, तोंडाला फेस असताना, त्याने मला रस्ता ओलांडून समोरच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

"उरलेली तू कर रे," तो समोरच्याला म्हणाला. "सांभाळून. माझं जुनं गिऱ्हाईक आहे."