हत्तुरे सरांचा न फुटणारा आकडा

हत्तुरे सर वर्गात आले की आधी फळा पुसायचे आणि आमच्याकडे न बघताच एक लांबलचक आकडा लिहायचे. "फोडा ह्येला," म्हणत खुर्चीत डोळे मिटून बसायचे. ज्याला अवयव सापडत नसत, त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार व्हायचा. सरांविषयी चार चांगले शब्द लिही, असं लोक मला सांगतात. मला ते जमणार नाही. माणूस मेला म्हणून गोड होत नाही.

अणदूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या शाळेत नववीत मुलांना बीजगणित मिळे आणि मुलींना सरसकट सामान्य गणित. हा सरांचा कायदा. "भाकरी काय समीकरणानं फुगती व्हय?" असं ते विचारायचे आणि मुलं खिदळायची. मला पॉलिटेक्निकला जायचं होतं आणि बीजगणिताशिवाय तिथं कुणी उभं करत नव्हतं. मी हट्टच धरला. तेव्हा सरांनी फळ्यावर ओळीनं सात एक लिहिले. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

"ही मूळ संख्या हाय. सातानं जात न्हाय, अकरानं न्हाय, तेरानं बी न्हाय. फोडून दाव, मग घे बीजगणित."

सरांचं गणित एवढंच होतं. पाठ असलेल्या कसोट्या लावायच्या आणि त्यात आकडा अडकला नाही की त्याला मूळ ठरवून मोकळं व्हायचं. मी तेराच्या पुढं निघाले. सतरा, एकोणीस, तेवीस. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी भागाकारांनी भरल्या. आई म्हणायची, "अगं, जेव की आधी. आकडा कुठं पळून चाललाय?" शेवटी दोनशे एकोणचाळीसनं भागलं आणि बाकी शून्य आली. मी ओरडलेच.

मी उत्तर दाखवल्यावर सरांनी फळ्यावर माझ्या भागाकाराला, चार हजार सहाशे एकोणपन्नासला, दोनशे एकोणचाळीसनं गुणून पाहिलं. सात एक आले.

"कुनी सांगितलं गं तुला?"

"कुनी न्हाय, सर. म्याच भागलं."

"लई शानी झालीस," म्हणत त्यांनी फळा पुसला. मला सामान्य गणितच मिळालं. वडील रदबदली करायला गेले, तर सर म्हणाले, "आत्ताच आवरा, न्हायतर लेक डोक्यावर बसंल तुमच्या." वडील मान खाली घालून परत आले. पॉलिटेक्निक तिथंच संपलं.

गेल्या महिन्यात सर वारले. शोकसभेत शाळेतले नवे गणित शिक्षक भारावून बोलत होते. "सात एकांची संख्या सरांनी स्वतः फोडली होती. तो अवयव शोधायला अख्खी सुट्टी घालवली, असं ते दरवर्षी वर्गात सांगायचे." माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठले.

"तो अवयव मी शोधला होता. आणि तरीसुद्धा त्यांनी मला बीजगणित दिलं नाही."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "जाऊ द्या ताई, गेल्याली मानसं हायत."

अध्यक्षांनी घाईघाईनं सर्वांना श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळी सभा उभी राहिली.

मी खाली बसले.