कापलेला पाऊस

पावसाळ्यात टॉकीजला चांगलं पिक्चर लागत नसे. लोक पेरणीत गुंतलेले, बघायला येणार कोण, म्हणून नवी पिक्चरं दिवाळीसाठी राखून ठेवायची रीतच होती. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांवर नवे बोर्ड लागले, पण ही रीत काही बदलली नाही. त्यात पावसानं दगा दिलेला. पेरण्याच नाहीत म्हटल्यावर माणसं रिकामी. टॉकीजसमोर बसून राहायची आणि मला विचारायची, "नवं कधी लावणार हाय?" जसं काही पिक्चर मीच काढतो. मी साधा ऑपरेटर, त्यात तापट. "दिवाळीला या," म्हणून खेकसायचो.

नांदेडहून एक जुनं देवीचं पिक्चर आलं, तेच चालू राहिलं. शेवटच्या रिळात देवी प्रसन्न होते आणि धो धो पाऊस पडतो. खेड्यातली माणसं चपला दाराशी काढून आत बसायची. पडद्यावर पाऊस लागला की हात जोडायची.

त्यांच्यात माझी मायही असायची. गावची विहीर आटली म्हणून मी तिला लातूरला आणलं होतं. दिवसभर खोलीत वाकळ शिवायची आणि दर शुक्रवारी त्या पावसासाठी मॅटिनीला यायची. "हात चालू हायेत तोवर तुझ्यावर भार न्हाई," म्हणायची.

प्रिंट जुनाट. रीळ हमखास त्या पावसातच तुटायचं. मग फाटका तुकडा कापायचा, टोकं खरवडायची, सोल्युशन लावून जोडायची. असं करता करता पाऊस आखूड होत गेला. कापलेले तुकडे मी एका डब्यात टाकायचो. कुणाच्या लक्षात आलं नाही. मायच्या आलं.

"पाऊस कमी झाला रे," घरी जाताना ती म्हणाली. "आधी देवळाची पायरी बुडायची. आज न्हाई बुडाली."

त्या दिवशी रीळ तीनदा तुटलं होतं. पब्लिकनं शिव्या घातल्या होत्या, मालकानंही ऐकवलं होतं. माझं डोकं फिरलेलं. "पाऊस हाय तेवढाच हाय," मी म्हणालो. "तुझी नजर गेली, माय."

ती घरी येऊन सुईत दोरा ओवायला बसली. एरवी एका झटक्यात ओवायची. त्या दिवशी दोरा दोनतीनदा चुकला. तिनं सुई वाकळीत खोचली आणि पुन्हा शिवायला घेतलीच नाही. चालतानाही भिंत धरायला लागली. मला खाल्लेलं गोड लागेना, पण खरं सांगायला तोंडही उघडेना. उद्या सांगू, उद्या सांगू करत दिवाळी आली.

नवं पिक्चर लागलं, जुन्या पिक्चरची पेटी नांदेडला परत गेली. मी तुकड्यांचा डबा घरी नेला आणि मायपुढे ओतला. "मी खोटं बोललो, माय. पाऊस मीच कापला. हा बघ. तुझी नजर चांगली हाय."

तिनं एक तुकडा उचलून दाराच्या उजेडात धरला. ती नखाएवढी चित्रं, तीही ओरखडलेली. त्यात माझ्याही डोळ्यांना धड काही दिसत नव्हतं.

"मला तर निस्तं काळंपांढरं दिसतंय," ती म्हणाली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माझं मन राखायला कशाला रे एवढं करतोस?"

चाचपत चाचपत तिनं सगळे तुकडे गोळा केले आणि डबा माझ्या हातात दिला. ती अर्धी वाकळ अजून माझ्याकडे आहे. सुई मी काढलेली नाही.