कॅसेटमधली भिंगरी

डबडेवाल्याला चांगलं नाव होतं, पण ते घ्यायची वेळ फक्त बँकेत यायची. जुने, हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम तो घ्यायचा, विकायचा, त्यांची किंमत करायचा. माळ्यावर सापडलेला गेम मिरवत कुणी आलं, की हा आधी मागचं झाकण उघडून सेलला पाणी सुटलंय का बघणार, मग कॅसेटचं लेबल नखाने चाचपणार. "नक्कल आहे, साहेब. पोरांना खेळायला द्या." साहेबांचं तोंड एवढंसं. तोंडाचा फटकळ, पण फसवणारा नव्हे, म्हणून लोक लांबून त्याच्याकडेच यायचे.

एक गेम मात्र घरातच असायचा. तो भिंगरीचा, म्हणजे त्याच्या मुलीचा. पाय घरात ठरायचा नाही म्हणून आईनेच तिला हे नाव पाडलेलं. अकराव्या वर्षी तापाने गेली पोर. अंथरुणात पडल्या पडल्या हाच गेम खेळायची. गेममधल्या मुलीला तिने स्वतःचंच नाव दिलं होतं, आणि शेवटी तिला समुद्रावरच्या धक्क्यावर उभं करून खेळ सेव्ह केला होता.

तेव्हापासून रोज दुपारी भांडी आवरली की बायको तो गेम लावायची. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. धक्क्यावर उभी असलेली लेक डोळे भरून बघायची, "आहे गं बाई," म्हणायची आणि बंद करायची.

डबडेवाल्याच्या जिवाला मात्र घोर लागला होता. या जुन्या कॅसेटच्या पोटात बटणाएवढा सेल असतो. त्याच्या जोरावर सेव्ह केलेला खेळ टिकतो, आणि सेल संपला की सगळं पुसलं जातं. सेल आता म्हातारा झाला होता. हे बायकोला सांगायचं कुठल्या तोंडाने? आज सांगू, उद्या सांगू करत शेवटी एका दुपारी त्याने सांगून टाकलं.

"म्हणजे ती जाणार?"

"अगं, मी सेल बदलतो ना. बदलेपर्यंत दुसऱ्या सेलच्या तारा जोडून ठेवायच्या, म्हणजे आतली वीज तुटत नाही. लोकांचे किती केलेत मी!"

"लोकांचे केलेत," बायको म्हणाली. तिने गेम त्याच्या हातात दिला. "कर. पण जपून हं."

त्याने खिडकीजवळ टेबल ओढलं. बायकोच्याने बघवेना, ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. कॅसेट उघडली, तारा जोडल्या, जुना सेल काढला, नवा बसवला. हात जरा म्हणून हलला नाही. गेम लावला. धक्का, समुद्र, भिंगरी!

"अगं, आहे!" तो ओरडला. आतून बायकोचा हुंदका ऐकू आला.

जीव भांड्यात पडला की माणूस गाफील होतो. दुकानात सेल बदलला की तो नीट धरतो का, हे बघायची त्याची ठरलेली रीत होती: नवा खेळ सुरू करायचा, सेव्ह करायचा, बंद करून पुन्हा लावायचा. बाहीने डोळे पुसत होता आणि बोटं आपली चाललीच होती. जुना खेळ पुसू का, असं पडद्याने विचारलं. गिऱ्हाइकांच्या कॅसेटवर या प्रश्नाला तो कायम हो म्हणत आला होता. आताही हो म्हणाला.

त्या गेममध्ये सेव्ह करायला जागा एकच होती.

काय झालं ते त्याला आत्ता कळलं. मेल्या, काय केलंस हे! पोटच्या पोरीला स्वतःच्या हाताने पुसलंस! आतून पावलं वाजली. घाबरून त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: पहिल्यापासून खेळ लावला, मुलीला भिंगरीचं नाव दिलं आणि ती नक्कल बायकोच्या हातात ठेवली.

बायकोने पदराने चष्मा पुसला. पडद्यावर एक खोली होती, खोलीत पलंग, आणि पलंगाशी मुलगी.

"ही अंथरुणापाशी का उभी आहे?" तिने विचारलं. "धक्क्यावर होती ना?"

त्याला थाप मारता आली नाही. "पुसलं गेलं. माझ्याच हातून."

ती ओरडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने गेम बंद केला आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

"दुकानात विकायला ठेव आता हा," ती म्हणाली. "सेल नवा आहे. किंमत चांगली येईल."