सरळ विचारणाऱ्या शुभदाताई

शुभदाताईंच्या ईराचा मेसेज आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिल स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. "मावशी, आई गेली. सकाळीच." मी गाडीत बसले, हीटर लावला आणि बराच वेळ कुठेच गेले नाही. रडू आलं नाही. शुभदाताईंच्या आजारपणात आम्ही सगळेच इतके दमलो होतो की बातमी कळल्यावरही आधी थकवाच जाणवला. दुपारपर्यंत मराठी मंडळाच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, "थोर समाजसेविका हरपल्या." ताईंनी ते वाचलं असतं तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या असत्या, "आता तरी माझं काम नीट समजून घ्या रे..."

ताई लग्न होऊन नागपूरहून आल्या. ईरा शाळेत जायला लागल्यावर त्यांनी इथे मास्टर्स केलं, मग काही वर्षं अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली काम, मग राज्याची परीक्षा. त्यांच्या कार्डावर लिहिलेलं असायचं, लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर. आमच्यात ते कुणालाच उमगलं नव्हतं. गणपतीत लोक त्यांना जुने कपडे कुठे द्यायचे ते विचारत. "अहो, मी कपडे गोळा करत नाही. माणसं मनाने खचतात ना, त्यांच्यावर उपचार करते." "म्हणजे डॉक्टर?" "नाही, गोळ्या देत नाही." "मग नुसतं बोलता?" "हो, पण ते बोलणं शिकावं लागतं." समोरचा माणूस हळूच प्रसादाच्या रांगेकडे सरकायचा.

मलाही ते कळलं अजितमुळे, माझ्या नवऱ्यामुळे. सासूबाई पुण्यात वारल्या तेव्हा व्हिसाच्या कागदांत अडकल्यामुळे त्याला जाता आलं नाही. आईचं अंत्यदर्शन त्याने फोनच्या पडद्यावर घेतलं. आधी तो नेहमीसारखा कामाला बसत राहिला, मग लॅपटॉप उघडून नुसताच बसू लागला. दाढी करेना, धड जेवेना. मित्र म्हणाले, "यार, एखादी ट्रिप प्लॅन कर." एका शनिवारी सकाळी भांडी लावता लावता तो शांतपणे म्हणाला, "मी नसतो तर तुझं सोपं झालं असतं." हातातलं ताट खाली ठेवून मी शुभदाताईंना फोन केला.

त्या लगेच आल्या. चहा नको म्हणाल्या आणि अजितच्या शेजारी सोफ्यावर बसल्या. "अजित, जीव द्यावा असं मनात येतं का?" मला वाटलं, अशाने नसलेला विचारही याच्या डोक्यात शिरेल. अजित मात्र कित्येक आठवड्यांनी कुणाच्या तरी डोळ्यांत बघत होता. "येतं, ताई." "कसा, ते ठरवलंयस?" "नाही... पण रोज येतं." "बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "विचारल्याने तो विचार येत नसतो गं. आलेला असला तर त्याला बाहेर पडायला वाट मिळते." त्याच दुपारी त्या आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आल्या.

मला वाटलं, आता पुढचं त्याच बघतील. त्यांनी साफ नकार दिला. "मी तुमच्याकडे जेवलेली बाई. उद्या याला तुझ्याबद्दल काही बोलायचं असलं तर माझ्यासमोर बोलेल का? मी ताई आहे, ताईच राहू दे." मग सुरू झाली शोधाशोध. इन्शुरन्सच्या साइटवर नावं खूप होती, पण कुणाचा नंबर बंद, कुणी नवीन माणसं घेत नव्हतं, कुणाच्या मशीनवर ठेवलेल्या निरोपाला उत्तरच नाही. मी रडकुंडीला आले. ताई दिवसभर लोकांची दुःखं ऐकून येत आणि माझ्या शेजारी डायनिंग टेबलाशी बसत. "लायसन्स चालू आहे का, ते राज्याच्या साइटवर बघ. आप्त गमावलेल्यांबरोबर काम केलंय का, ते पहिल्याच फोनवर विचार. आणि नाही पटलं तर बदलायचं, भीड धरायची नाही." मला मराठी माणूस हवा होता. मिळाले ते शेजारच्या गावातले एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ, तेही क्लिनिकल सोशल वर्करच. अजित म्हणाला, "इंग्लिशमध्ये आईबद्दल बोलता येतं. मराठीत घसाच बंद होतो." पुढे एकदा त्या गृहस्थांनीच त्याला सांगितलं, आईशी बोलायचं राहिलं ते तुझ्या भाषेत बोल, मला नाही कळलं तरी चालेल. त्या दिवशी अजित सुजलेल्या डोळ्यांनी घरी आला आणि म्हणाला, भूक लागलीय. हे सगळं लिहू का, असं मी त्याला विचारलं. "लिही. कुणाला तरी फोन करायला सुचेल."

मग ताईंनाच कॅन्सर झाला. उपचार थांबवल्यावर त्यांची शुश्रूषा घरीच होती, आणि ती करणाऱ्या संस्थेतली एक तरुण सोशल वर्कर आली तेव्हा मी तिथे होते. सवयीने ताईंनीच तिची चौकशी सुरू केली... काम फार पडतं का, घरी कोण आहे. ती हसून म्हणाली, "शुभदा, आज प्रश्न मी विचारणार. सगळ्यात जास्त काळजी कसली वाटते?" "माझ्या मुलीची," ताई इंग्रजीत म्हणाल्या. "तिला वाटतं, अशा आईची मुलगी म्हणजे आपण खंबीरच असायला हवं. तिला कोण विचारणार?" आणि मग माझा हात धरून मराठीत, "दमले गं..." इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आमची तीच शेवटची भेट.

मागच्या आठवड्यात ईराने सामान आवरायला बोलावलं. मागची छोटी खोली, जिथे ताई लोकांना भेटत, तिथे मी कधीच गेले नव्हते. तिथे दोन खुर्च्या होत्या, समोरासमोर नाही, जरा तिरक्या. बोलणाऱ्याला नजर चुकवावीशी वाटली तर खिडकीतून गोठलेलं तळं दिसावं, अशा. ईरा पुस्तकं खोक्यात भरत होती. "आय ॲम फाइन, मावशी. रिअली." मी एका खुर्चीत बसले, थोड्या वेळाने ती दुसरीत. "ईरा, झोप लागते का?" मी विचारलं. काळजी घे, देव आहे, असलं काहीतरी माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. ती तळ्याकडे बघत राहिली. मग अडखळत, मराठीत म्हणाली, "नाही लागत. ऑफिसमध्ये ईमेल उघडते आणि... नुसती बघत बसते."

"कुणीतरी शोधू या का?"

"यू मीन, आईसारखं?"

"आईसारखं कुणी नाही गं. आईचं काम करणारं."

तिने पाय वर घेतले, स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं आणि होकारार्थी मान हलवली. बाहेरचा उजेड कमी होत गेला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. त्या तिरक्या खुर्च्यांवरून माझ्या फोनकडे वाकून आम्ही इन्शुरन्सच्या यादीतलं एकेक नाव वाचत बसलो.